संलग्न महाविद्यालय, फुटबॉल आणि बँडपथक : गोंदियाच्या निमित्ताने एक विचार

हिंदुस्थानातील विद्यापीठांचा इतिहास लिहिताना अधिनियम, अभ्यासक्रम आणि परीक्षा ह्यांचा विचार पुष्कळ झाला आहे. विद्यार्थी सायंकाळी कोठे असतो, ह्या प्रश्नाचा विचार मात्र फारसा झालेला दिसत नाही. वरवर पाहता हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु ज्यास विद्यापीठाचे सामुदायिक जीवन म्हणतात त्याचा बराच भाग तासिका संपल्यानंतरच्या दोन-तीन तासांत घडत असतो. खेळ, नाटक, वादविवाद, कवायत आणि वाद्यवादन ही सर्व त्याच वेळेची धनी आहेत. ज्या शिक्षणसंस्थेतील बहुसंख्य विद्यार्थी ती वेळ गाडीत किंवा बसमध्ये काढतात, तिला फुटबॉलचा संघ आणि बँडपथक जोडून तिच्या ठायी एकजिनसीपणा निर्माण करता येईल काय, हा प्रश्न अमेरिकेतील काही नागरी विद्यापीठांनी अलीकडच्या काळात प्रत्यक्ष प्रयोगाने हाताळला आहे. तोच प्रश्न गोंदिया जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या संदर्भात मांडला असता त्याचे स्वरूप कसे पालटते, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

१

प्रथम विद्यापीठाच्या घडणीकडे पाहावे लागेल. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे जी विद्यापीठे स्थापन झाली त्यांचा आदर्श ऑक्सफर्ड अथवा केंब्रिज हा नव्हता. तो १८३६ साली सनद मिळालेल्या लंडन विद्यापीठाचा होता. महाविद्यालयांनी शिकवावे आणि विद्यापीठाने परीक्षा घ्यावी, अशी ही वाटणी होती. ह्या वाटणीत विद्यार्थ्याचे निवासस्थान, त्याचा आहार, त्याचा खेळ ह्या गोष्टी विद्यापीठाच्या कक्षेबाहेर राहिल्या. १९०४ च्या विद्यापीठ अधिनियमाने आणि त्यानंतर १९१७ ते १९१९ ह्या काळातील सॅडलर आयोगाने ही उणीव ओळखली. आयोगाने अध्यापन करणाऱ्या, निवासी स्वरूपाच्या विद्यापीठांचा पुरस्कार केला. परंतु तोवर संलग्नतेची चौकट देशभर रुजली होती.

४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठाची स्थापना झाली. हिस्लॉप आणि मॉरिस ही महाविद्यालये त्यापूर्वीच अनुक्रमे १८८३ व १८८५ साली सुरू झाली होती, आणि स्थापनेपूर्वी मध्यप्रांतातील महाविद्यालयांचा संबंध अलाहाबाद विद्यापीठाशी होता. म्हणजे विद्यार्थी एका गावी, महाविद्यालय दुसऱ्या गावी आणि विद्यापीठ तिसऱ्याच प्रांती, अशी स्थिती नागपूर भागास अपरिचित नव्हती. आज ह्या विद्यापीठास राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत असून, चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाकडे गेले आहेत.

गोंदिया येथे उच्च शिक्षणाची मोठी सोय झाली ती मनोहरभाई पटेल (१९०६–१९७०) ह्यांनी १९५८ साली स्थापन केलेल्या गोंदिया शिक्षण संस्थेमुळे. धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय आणि नटवरलाल माणिकलाल दलाल कला व वाणिज्य महाविद्यालय ही ह्या संस्थेची ठळक महाविद्यालये होत. त्या वेळी गोंदिया भंडारा जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. ह्या महाविद्यालयांमुळे खेड्यातील मुलास नागपूरला जाऊन राहण्याची गरज उरली नाही. घरी राहून, रोज ये-जा करून पदवी घेता येऊ लागली. शिक्षणाच्या प्रसारास हे वरदानच ठरले. पण ज्या सोयीमुळे महाविद्यालय विद्यार्थ्याच्या आटोक्यात आले, त्याच सोयीमुळे विद्यार्थी महाविद्यालयाच्या हातून सायंकाळी निसटू लागला, हेही नाकारता येणार नाही.

२

गोंदियाची भौगोलिक स्थिती ह्या प्रकारास विशेष अनुकूल आहे. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने जुना नागपूर-छत्तीसगड मीटरमापी मार्ग आपल्या ताब्यात घेऊन रुंदमापी केला. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सातपुड्याची अरुंदमापी लाइन गोंदियाहून बालाघाट, नैनपूरवरून जबलपूरकडे गेली, आणि दक्षिणेकडे वडसा, नागभीडवरून चांद्याकडे जाणारी दुसरी शाखा निघाली. अशा रीतीने गोंदिया हे चार दिशांचे जंक्शन झाले. पश्चिमेस तिरोडा, पूर्वेस आमगाव व सालेकसा, दक्षिणेस गोरेगाव, सौंदड व अर्जुनी, उत्तरेस बालाघाट ही स्थानके ज्यास ठाऊक आहेत त्यास गोंदियाच्या महाविद्यालयाचे खरे आवार किती विस्तृत आहे ह्याची कल्पना येईल.

ह्या जीवनक्रमाने भाषेलाही एक क्रियापद दिले आहे. रेल्वेच्या परिभाषेत ‘अप’ आणि ‘डाउन’ ह्या दोन निरनिराळ्या दिशा होत. विदर्भातील विद्यार्थ्यांच्या व नोकरदारांच्या बोलण्यात मात्र ‘अप-डाउन करणे’ हा एकच व्यापार झाला आहे. त्यात दिशेचा अर्थ लोपला असून रोज जाणे आणि रोज परतणे एवढाच अर्थ उरला आहे. ‘तो येथे राहतो की अप-डाउन करतो?’ ह्या प्रश्नात विद्यार्थ्यांचे दोन वर्ग आपोआप पडतात. पहिल्या वर्गास महाविद्यालय संध्याकाळीही उपलब्ध असते; दुसऱ्या वर्गास ते केवळ तासिकांपुरते असते. प्रवेशपत्रिकेवर ह्या भेदाची नोंद क्वचितच होते, तथापि कोण खेळणार आणि कोण पाहावयासदेखील थांबणार नाही, हे पुष्कळदा ह्याच भेदाने ठरते.

३

फुटबॉल ह्या खेळाची आवश्यकता थोडक्यात मांडता येईल. सामना नव्वद मिनिटांचा, मध्ये पंधरा मिनिटांची विश्रांती, दोन्ही बाजूंस अकरा-अकरा खेळाडू आणि ह्या सर्वांना पुरेल असे सुमारे १०५ मीटर लांबीचे मैदान. सरावास रोज दीड-दोन तास हवेत. मार्गशीर्षात गोंदियाकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. तासिका दुपारी उशिरापर्यंत चालत असतील तर उजेडातील सरावास जेमतेम तासभर मिळतो, आणि तोच तास गाडी गाठण्याचा असतो.

दुसरी अडचण ऋतूंची आहे. आपल्याकडे फुटबॉल हा पावसाळ्यातील खेळ. परंतु गोंदिया हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. आषाढ-श्रावणात रोवणीची धांदल असते, आणि घरातील धडधाकट तरुणाचे हात त्या वेळी बांधीत लागतात. दिवाळीनंतर कापणी आणि मंडईचे दिवस येतात. विद्यापीठाचे वर्ष जूनमध्ये सुरू होते म्हणून शेताचे वर्ष थांबत नाही. नागपूरच्या क्रीडावेळापत्रकाचा विचार करताना हे शेतीचे वेळापत्रक लक्षात घेतले जाते असे दिसत नाही.

असे असूनही ह्या भागात फुटबॉलला परंपरा नाही असे म्हणता येणार नाही. १८२१ साली वसविलेल्या कामठीच्या लष्करी छावणीने नागपूर परिसरास हा खेळ ओळखीचा करून दिला. कामठीचा रब्बानी क्लब, नागपूरचा यंग मुस्लिम क्लब ही नावे नागपूरच्या फुटबॉलशी निगडित आहेत, आणि बंगाल-नागपूर रेल्वेच्या संघाने तर कलकत्त्याच्या मैदानावर नाव कमावले होते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. छावणीतला शिपाई छावणीतच राहतो. रेल्वेचा कर्मचारी रेल्वेच्या वसाहतीत राहतो. मोहल्ल्यातला मुलगा मोहल्ल्यात राहतो. खेळ संपल्यावर ह्यांपैकी कोणासही वीस मैल जावयाचे नसते. २९ जुलै १९११ रोजी ईस्ट यॉर्कशायर पलटणीस हरवून ढाल जिंकणाऱ्या मोहन बागानच्या मागेही कलकत्त्यातील गल्ल्यागल्ल्यांचे पाठबळ होते. जेथे राहणे आणि खेळणे एकाच ठिकाणी घडते, तेथे फुटबॉल वाढला. संलग्न महाविद्यालय नेमके ह्याच बाबतीत दुबळे असते.

‘पदकंदुक’ हा प्रतिशब्द घडविला गेला, पण मैदानावर तो कधीच उतरला नाही. खेळाडू ‘फुटबॉल’च म्हणत राहिले. परभाषेतील शब्द टिकला म्हणून खेळ परका राहिला असे मात्र नव्हे. शब्द रुळतो तो वापराने, आणि खेळ रुळतो तो खेळण्यास मिळणाऱ्या वेळेने.

४

बँडपथकाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. वाजतगाजत मिरवणे हे महाराष्ट्रास नवे नाही. सनई, चौघडा, संबळ, ढोल आणि ताशा ह्यांवाचून लग्न वा जत्रा होत नसे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी पलटणींच्या अनुकरणाने पितळी वाद्यांचा बँड आला. तो संस्थानांत, पोलिसांत आणि अखेरीस वरातीत शिरला. परंतु ओळीने पावले टाकीत, ठरावीक आकृतीत फिरत वाजविण्याची कला ही मुळात सैनिकी कवायतीची शाखा आहे.

‘कवायत’ हा शब्द ह्या ठिकाणी विचार करण्यासारखा आहे. अरबीतील ‘काइदा’ म्हणजे नियम. त्याचे अनेकवचन ‘कवाइद’. मराठीने एकवचन आणि अनेकवचन अशी दोन्ही रूपे स्वतंत्र शब्द म्हणून स्वीकारली. एकवचनाचा ‘कायदा’ न्यायालयात गेला, अनेकवचनाची ‘कवायत’ मैदानावर गेली. उर्दूत तर ‘कवाइद’ म्हणजे व्याकरणही. नियमांचा समुच्चय हा अर्थ तिन्ही ठिकाणी कायम आहे. ‘लेझीम’ हा शब्दही फारसीतून आला. मूळ अर्थ व्यायामासाठी वापरावयाचे साखळीचे धनुष्य. महाराष्ट्रातील आखाड्यांनी आणि शाळांनी त्यातून तालबद्ध सामुदायिक संचलनाचा प्रकार घडविला. १९१४ साली अमरावतीस स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. कवायती बँडास जे हवे असते, म्हणजे ताल, ओळ आणि एकाच वेळी उठणारी पावले, ते विदर्भातील तरुणांस अवगत नव्हते असे म्हणण्यास आधार नाही.

अडचण दुसरीकडे आहे. पारंपरिक गावगाड्यात वाद्य वाजविणे हे विशिष्ट जातींवर लादलेले काम होते. वाजविणारा मिरवणुकीत सर्वांत पुढे असे, आणि पंगतीत त्यास जागा नसे. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीने गावकीच्या परंपरागत कामांतून बाहेर पडण्याची हाक दिली, तिच्यामागे हा अनुभव होता. ज्या घरातील मागच्या पिढीने स्वाभिमानासाठी वाद्य खाली ठेवले, त्या घरातील मुलास महाविद्यालयाने पुन्हा ढोल हाती घेण्यास सांगावे, हा प्रस्ताव सरळ नाही. उलटपक्षी ज्या घरांत वाद्यास हात लावणे कमीपणाचे मानीत, तेथील मुलानेही तोच ढोल तोच गणवेश घालून वाजवावा, ह्यात एक सामाजिक शिक्षण आहे. बँडपथकाचे खरे मोल असलेच तर ते येथे आहे. सर्वांनी आळीपाळीने सर्व वाद्ये वाजवावीत असा नियम नसेल, तर मात्र जुनीच वाटणी नव्या गणवेशात परत येण्याचा धोका संभवतो.

५

सामुदायिक कवायतीचा एक देशव्यापी प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे. १९२० नंतर विद्यापीठांत प्रशिक्षण-पथके निघाली, आणि १९४८ च्या अधिनियमाने राष्ट्रीय छात्रसेनेची, म्हणजे एन.सी.सी.ची, स्थापना झाली. त्याच सुमारास राधाकृष्णन आयोगाने, १९४८–४९ मध्ये, छात्रसेनेत नसलेल्या विद्यार्थ्यांस दोन वर्षे शारीरिक शिक्षण असावे अशी शिफारस केली. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर १९६३ साली महाविद्यालयांत छात्रसेना सक्तीची करण्यात आली. १९६८ साली ती पुन्हा ऐच्छिक झाली.

ह्या पाच वर्षांचा धडा दुहेरी आहे. कवायत वेळापत्रकाचा भाग झाली म्हणजे गावाहून येणारा विद्यार्थीही तिच्यात आपोआप येतो. त्यास वेगळे थांबावे लागत नाही. हा एक लाभ. परंतु सर्वांस पुरेल इतके शिक्षक, गणवेश आणि साहित्य नसताना केलेली सक्ती केवळ हजेरीपटावर उरते, हा दुसरा अनुभव. छात्रसेनेच्या प्राध्यापक-अधिकाऱ्यांस प्रशिक्षण देणारी संस्था कामठीसच आहे, म्हणजे पूर्व विदर्भास ह्या विषयातील जाणकारांची वाण नाही. वाण आहे ती वेळेच्या नियोजनाची.

६

आता अमेरिकेतील उदाहरणाकडे वळू. तेथील फुटबॉल हा निराळा खेळ आहे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. बँडचा त्याच्याशी जडलेला संबंधही ऐतिहासिक आहे. १८६२ च्या मॉरिल अधिनियमान्वये सरकारी जमिनीच्या उत्पन्नावर उभ्या राहिलेल्या महाविद्यालयांत सैनिकी शिक्षण देणे आवश्यक होते, आणि त्या कवायतीसाठी बँड लागे. पर्ड्यू विद्यापीठात १८८६ साली सुरू झालेल्या बँडने १९०७ साली मैदानावर ‘पी’ ह्या अक्षराची आकृती उभी केली. अशा रीतीने कवायतीचा बँड खेळाच्या मैदानावर आला. ह्या सर्वांच्या मुळाशी निवासी महाविद्यालय होते.

अटलांटा येथील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाची कथा ह्याहून वेगळी आहे. १९१३ साली ते वाणिज्याचे सायंवर्ग म्हणून सुरू झाले. शहरात नोकरी करणाऱ्यांसाठी ही सोय होती, आणि दीर्घकाळ त्याचे विद्यार्थी वर्ग संपताच घरी जात. १९९६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेली निवासस्थाने हाती आल्यावर त्यास प्रथमच वसतिगृहे लाभली. २०१० साली त्याने फुटबॉलचा संघ आणि त्याबरोबरच बँडपथक सुरू केले. शार्लट येथील विद्यापीठही १९४६ साली युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या सायंवर्गांतून निघाले. तेथे २०१३ साली फुटबॉल आणि २०१५ साली बँड आला. ह्याउलट शिकागो विद्यापीठाने १९३९ साली मोठ्या थाटाचा फुटबॉल बंद केला आणि १९६९ साली तो मर्यादित स्वरूपात परत आणला. मधल्या काळात त्याच्या विद्वत्तेस बाध आला नाही.

ह्या उदाहरणांतील क्रम नीट पाहिला पाहिजे. अटलांटात आधी वसतिगृहे आली, नंतर संघ आला, आणि बँड संघाबरोबर आला. शिवाय ह्या संघांच्या खर्चाचा मोठा भार विद्यार्थ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या क्रीडाशुल्कावर पडतो. जो विद्यार्थी सामना पाहावयास थांबू शकत नाही तोही ते शुल्क भरतो. गोंदियासारख्या ठिकाणी हा मुद्दा अधिकच बोचरा ठरेल. आमगावच्या विद्यार्थिनीने भरलेल्या शुल्कातून शहरातील विद्यार्थ्याने खेळावे, आणि तिने मात्र दिवस मावळण्यापूर्वी घरी पोचण्यासाठी पहिलाच गोल होण्याच्या आत निघावे, ह्यास सामुदायिक जीवन म्हणणे कठीण आहे.

७

तर मग हा विचार सोडून द्यावा काय? तसे वाटत नाही. गोंदियाच्या परिसरातच ह्याचे एक उत्तर दडलेले आहे. झाडीपट्टीत मंडईच्या दिवसांत नाटक रात्री सुरू होते आणि पहाटे संपते. दंडार, खडी गंमत आणि अलीकडची नाटके पाहावयास लोक आसपासच्या गावांतून येतात. परत जाण्याची सोय नाही म्हणून प्रयोग लवकर आटोपत नाहीत. उलट प्रेक्षक उजाडेपर्यंत थांबेल हे गृहीत धरूनच प्रयोगाची लांबी ठरलेली असते. ज्या वडसा गावी ह्या नाटकमंडळ्यांचे केंद्र आहे ते गोंदियाहून दक्षिणेस जाणाऱ्या त्याच रेल्वेमार्गावर आहे. म्हणजे ह्या लोकांस एकत्र जमणे जमत नाही असे नाही. जमण्याची वेळ आणि रीत त्यांच्या येण्याजाण्यास अनुसरून ठरविली तर ते हजारोंनी जमतात.

ह्यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, ये-जा करणाऱ्यांच्या महाविद्यालयात खेळ व बँड ह्यांस तासिकांच्या आत, दिवसाउजेडी जागा दिली पाहिजे. आठवड्यातील दोन दुपारी त्यासाठी राखल्या तरी पुष्कळ होईल. दुसरी ही की, सामने गोंदियातच व्हावेत असा आग्रह नसावा. तिरोडा, आमगाव, अर्जुनी येथील मैदानांवर आळीपाळीने सामने झाले, तर विद्यार्थी महाविद्यालयाकडे जातो त्याऐवजी महाविद्यालय विद्यार्थ्याच्या गावी जाईल, आणि ज्या आईबापांनी महाविद्यालय कधी पाहिले नाही त्यांस ते दिसेल. तिसरी ही की, बँड उभारताना महागड्या पितळी वाद्यांच्या संचाने आरंभ करू नये. लेझीम, ढोल, ताशा, सनई ह्या येथे उपलब्ध असलेल्या आणि दुरुस्त होऊ शकणाऱ्या वाद्यांनी आरंभ करावा, आणि त्यांवरील जातीचा जुना शिक्का पुसण्याची अट पथकाच्या नियमांतच घालावी.

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळास विद्यापीठाच्या रचनेत स्वतंत्र स्थान दिले आहे. अशा मंडळापुढे विजयचिन्हांच्या हिशेबाबरोबर आणखी एक हिशेब असणे इष्ट आहे : संलग्न महाविद्यालयांतील किती विद्यार्थी रोज ये-जा करतात, त्यांची शेवटची सोयीची गाडी कोणती, आणि त्यांपैकी किती जणांस वर्षातून एकदा तरी मैदानावर पाऊल टाकता आले. विद्यार्थी सायंकाळी कोठे असतो ह्याचे उत्तर हाती आल्यावाचून फुटबॉलवर वा बँडवर केलेला खर्च पायाआधी कळस चढविण्यासारखा होईल. ते उत्तर हाती आल्यावर मात्र, ज्या विद्यापीठाने आजवर ह्या विद्यार्थ्यांस केवळ परीक्षार्थी म्हणून ओळखले, त्यास ते आपले सभासद म्हणून ओळखता येतील.